हरकतीचा महिना

लग्नाच्या नोटिशीचे अर्ज घेणाऱ्या कारकुनाने चष्मा कपाळावर ढकलला, कागदावर बोट ठेवलं आणि विचारलं, "पहिल्या पत्नीचा शेवटचा पत्ता आणि तुमचा आत्ताचा पत्ता, दोन्ही एकच?" पंपवाले म्हणाले, "हो, एकच." कारकुनाचं समाधान झालं आणि त्याने शिक्का शाईत बुडवला. शेजारच्या खुर्चीत बसलेल्या बारकीची नजर मात्र त्या ओळीवर अडकली. त्या घरी ती कितीदा तरी गेली होती. तिसरा मजला, दोन खोल्या, खिडकीशी वेताची खुर्ची. त्या खुर्चीत बसून तिने चहा घेतला होता, पडद्यांचा रंग बदलायचा मनातल्या मनात ठरवला होता. ते घर कोणाचा तरी शेवटचा पत्ता आहे हे तिला माहीत नव्हतं असं नाही, पण माहीत असणं वेगळं आणि शिक्क्याखाली बघणं वेगळं. पंपवाले म्हणजे तिचा होणारा नवरा, शहराला पाणी सोडणाऱ्या पंपघरातला पाळीवरचा कामगार. सगळे त्यांना याच नावाने ओळखत आणि त्यांनाही दुसरं नाव असल्याची फारशी आठवण नसावी. एकदा तिने सहज विचारलं होतं, एवढे जिने चढून जीव जातो, जागा का नाही बदलली? पंपघर जवळ पडतं, असं ते म्हणाले होते. ते खरंही होतं. पण आता तिला कळलं की हरवलेलं माणूस परत आलं तर कुठे येईल, याची सोय म्हणून ते तिथे राहिले होते. कारकून सांगत होता, "नोटीस महिनाभर बोर्डावर लागेल. हरकत आली नाही तर साक्षीदार घेऊन या. पहिल्या लग्नाच्या नोंदीची सहीशिक्क्याची नक्कल मात्र लागेल, कोर्टाच्या आदेशाला जोडायला." आणि मग पाठ असलेलं वाक्य म्हणावं तसं म्हणाला, "हरकत कोणीही घेऊ शकतं. नात्यातलंच पाहिजे असं नाही." पंपवाल्यांनी मान वर केली आणि विचारलं, "बोर्ड रस्त्यावरून दिसतो का?"

बारकी म्हणजे चव्वेचाळीस वर्षांची, अंगाने चांगली भरलेली बाई. घरात सगळ्यांत शेवटी जन्मली म्हणून पडलेलं नाव तिला अजून चिकटून होतं. दाताच्या डॉक्टरांना कवळ्या आणि कॅपा बनवून देणाऱ्या एका कारखान्यात ती कामाला होती. कारखाना म्हणायचा एवढंच, तीन टेबलं, एक भट्टी आणि सगळ्यांच्या केसांत प्लास्टरची पूड. डॉक्टरांकडून ठसा यायचा, ती त्यात प्लास्टर ओतायची आणि थोड्या वेळाने एक तोंड हातात यायचं. त्या तोंडांची माणसं तिने कधी पाहिलेली नसत, पण कोण एकाच बाजूने चावतं, कोण झोपेत दात खातं, कोणी लहानपणी आपटून पुढच्या दाताचा टवका उडवून घेतलाय, हे तिला चेहऱ्यावाचून कळे. केलेलं काम कोणी न्यायला आलं नाही तर वर्षाने टाकून द्यायचं, असा मालकाचा नियम होता. तो नियम बारकीला कधी जमला नाही. कोणाच्या तरी तोंडात एवढी जागा रिकामी आहे आणि तिची वस्तू आपण कचऱ्यात टाकायची, हे तिला बरं वाटत नसे. कपाटाच्या खालच्या कप्प्यात ती अशी पोरकी कामं डबीत घालून ठेवी, मालकही मग तिकडे बघेनासा झाला. म्हणूनच पंपवाले पहिल्यांदा कारखान्याच्या दारात उभे राहिले, निळ्या कपड्यांत, हातात टोपी धरून, आणि म्हणाले, "पोलिसांना माझ्या बायकोचे दात हवेत," तेव्हा बारकीला ते देता आले. त्यांची बायको एका दुपारी घरातून गेली होती ती परत आली नव्हती. भांडण नव्हतं, चिठ्ठी नव्हती, गॅसवरून चहाचं आधण तेवढं उतरवून ठेवलेलं होतं. जाण्याआधीच्या आठवड्यात तिने वरच्या डाव्या दाढेच्या कॅपसाठी माप दिलं होतं. आता कालव्यात एक प्रेत सापडलं होतं आणि चेहऱ्यावरून काही कळण्यासारखं उरलं नव्हतं.

त्यांनी ते प्लास्टरचं तोंड दोन्ही हातांत घेतलं आणि बराच वेळ नुसतं पाहत राहिले, कारण त्यांनी ते कधी असं पाहिलं नव्हतं. दोन दिवसांनी ते परत आले. "नाही जुळले," म्हणाले, आणि बारकीच्या स्टुलावर बसून रडायला लागले. रडता रडता हसायचे, पुन्हा रडायचे. तिने पाणी दिलं. रडत-हसतच ते प्यायले आणि अर्धं निळ्या कपड्यांवर सांडलं. बारकी तिथेच फसली. बायको सापडली नाही म्हणून इतका आनंद होणारा माणूस तिने पाहिला नव्हता. तिची वाट आजवर कोणी पाहिली नव्हती. बसथांब्यावरसुद्धा मैत्रिणी पुढे निघून जात. असा एक माणूस असतो, एवढं कळल्यावर दुसऱ्या कशाकडे बघायची तिची इच्छाच संपली. जाताना त्यांनी तोंड परत दिलं. "तुमच्याकडेच असू दे. घरी ठेवून काय करू, कुठे ठेवू," असं काहीतरी म्हणाले. मग पुढे ते येत राहिले, कधी कालवा, कधी रेल्वेरूळ, कधी लांबच्या गावचं इस्पितळ, आणि दर वेळी दात जुळले नाहीत. पुढे काही कारण नसतानाही येत राहिले. लग्नाचं पहिल्यांदा कोण बोललं हे दोघांनाही नीट सांगता आलं नसतं. वकील गाठला तो बारकीच्या दादाने. इतकी वर्षं पत्ता नाही म्हणजे कायद्याने माणूस मेलं असं धरतात, हे त्यानेच समजावलं, आणि कोर्टाने तसं धरलंही. आदेश हातात आला त्या दिवशी पंपवाल्यांनी तो घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "धरायला काय, काहीही धरता येतं."

नोंदीची नक्कल काढायला बारकीच गेली. पंपवाल्यांची दिवसपाळी होती आणि तिला कुठेतरी स्वतः जाऊन बघायचंही होतं. ते लग्न ज्या विभागात झालं तिथलं जुनं दप्तर एका शाळेच्या पडीक भागात हलवलेलं होतं. फळ्यावर अजून कोणीतरी काढलेली पानाची आकृती होती, देठ, शिरा, कडा. दप्तर सांभाळणाऱ्या बाई सर्दीने बेजार होत्या. "साल सांगा. वराच्या आडनावाचं पहिलं अक्षर सांगा. तुम्ही त्यांच्या कोण?" त्यांनी एका दमात विचारलं. बारकी म्हणाली, "लग्न ठरलंय त्यांच्याशी." बाईंनी नाक पुसलं आणि पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. "मग कसला जीव लावून शोधताय? माझ्याकडे सवती कागद लपवायला येतात, काढायला कोणी येत नाही." जाड पुठ्ठ्याच्या वह्या खाली आल्या, धुळीने दोघींना शिंका आल्या आणि त्यावरून दोघी थोड्या हसल्या. नोंद सापडायला वेळ लागला नाही. पान सरळ होतं, खाडाखोड नव्हती. फोटोत पंपवाल्यांच्या तरुण मिशा, मोठे कान. शेजारी ती. बारकीने पान दिव्याकडे ओढलं. खालच्या ओळीतले एकमेकांवर चढलेले दोन दात, उजव्या सुळ्याचं झिजलेलं टोक, झोपेत खाऊन सपाट झालेल्या दाढा, हे सगळं तिच्या बोटांना पाठ होतं. फोटोतल्या बाईने तोंड मिटलेलं होतं. सुंदर म्हणावी अशी नव्हती, साधीच होती, आणि तिच्या ओठांच्या आत जे होतं तेवढंच बारकीच्या ओळखीचं होतं. ही रस्त्यात समोर आली तर ओळखता येणार नाही, असं तिच्या मनात आलं, आणि लगेच, हसली तर येईल. नक्कल घेऊन बाहेर पडल्यावरही तिला आपल्या पाठीमागे कोणी चालतंय असं वाटत राहिलं. वळून बघायची लाज वाटली म्हणून ती एका दुकानाच्या काचेत बघत उभी राहिली. काचेत नेहमीचीच माणसं होती.

मग तो महिना सुरू झाला. बोर्ड कचेरीच्या कुंपणाला आतून लावलेला होता, वर काच, काचेला कुलूप. बारकी जेवणाच्या सुट्टीत तिथे जायला लागली. पहिल्या दिवशी नोटीस नीट लागली का ते बघायला, दुसऱ्या दिवशी पावसाने ओली तर झाली नाही ना ते बघायला, आणि त्यानंतर सांगता येईल असं काही कारण उरलं नाही. वहिनी म्हणाली, "एवढी काय घाई झालीय नवरीला? कागद पळून जातोय का?" वहिनी मनाने चांगली होती, आणि बारकीची खोली रिकामी झाली की भाचीला अभ्यासाला देता येईल याचा आनंद तिने लपवला नव्हता, तेही एका अर्थी चांगलंच होतं. बारकीला त्या घरातून निघायचं होतं. दुसऱ्याच्या घरात आपला टॉवेल कुठे वाळत घालावा याचा वर्षानुवर्षं विचार करून ती थकली होती. तिला स्वतःची दोरी हवी होती, स्वतःचं दार, आणि संध्याकाळी कोणीतरी यायची वाट. एवढं मागणं काही जास्त नव्हतं. पण बोर्डासमोर उभी राहिली की ती नोटीस वाचत नसे, वाचणाऱ्या बायकांच्या तोंडांकडे बघत असे. एक दिवस कचेरीच्या शिपायाने तिला हटकलं. "तुमचे साहेब सकाळी येतात, तुम्ही दुपारी. दोघं एकदमच का येत नाही?" तिने विचारलं, "रोज येतात?" "रात्रपाळी सुटली की रोज. समोर चहा घेतात आणि बसतात. नोटीस वाचत नाहीत हो, रस्ता बघतात." बारकी म्हणाली, "त्यांना सकाळची हवा लागते." त्या रात्री जेवताना तिच्या लक्षात आलं की कोर्टाने, वकिलाने, पोलिसांनी काढलेला एकही कागद त्या बाईला उद्देशून नव्हता. हा पहिलाच होता. कोणाची हरकत असल्यास कळवावे. पंपवाल्यांनी इतक्या वर्षांनी बायकोला निरोप पाठवला होता आणि तो जावा म्हणून बारकीचं नाव वापरलं होतं. त्यांना स्वतःलाही हे कळलं नसेल, याची तिला खात्री होती. म्हणून तर त्यांच्यावर रागावता येत नव्हतं.

मधल्या एका रविवारी ती आपली बॅग घेऊन त्यांच्या घरी गेली. त्यांनीच बोलावलं होतं, कपडे थोडे थोडे आणून ठेवा म्हणजे एकदम ओझं होणार नाही. कपाट पुसून तयार होतं. "हा भाग तुमचा," असं म्हणून त्यांनी डावं दार उघडलं. रिकामा कप्पा, खाली नवा कागद, हँगरसुद्धा नवे. बारकीला भरून आलं. मग उजवं दार किंचित उघडं होतं ते ती सहज लोटायला गेली तर आत बाईचे कपडे होते. धुतलेले, इस्त्रीचे, वाऱ्यावर ठेवून हँगरला टांगलेले. "मग तुमचे कुठे आहेत?" तिने विचारलं. पंपवाल्यांनी पलंगाखालची पत्र्याची ट्रंक दाखवली. "माझं काय, निळे तर कपडे, ट्रंकेत मावतात." ते इतक्या सरळपणे म्हणाले की त्यांच्याकडून काही चुकलंय असं त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. तिला जागा करून द्यायची म्हणून त्यांनी स्वतःला बाहेर काढलं होतं. बारकीने आपले कपडे लावले. दोन्ही दारं उघडी होती तेव्हा तिच्या कपड्यांची बाही त्या दुसऱ्या बाहीला लागत होती. आपल्या कामात तिने पाहिलं होतं, एक दात पडला आणि जागा तशीच राहिली की शेजारचे हळूहळू झुकतात, फट बुजवत आणतात. मग नवा दात बसवायला गेलं तर जागाच नसते. या माणसाने तसं काही होऊ दिलं नव्हतं. इतक्या वर्षांत फट एका केसाने कमी झाली नव्हती. ती चहा करायला उठली तर ते म्हणाले, "तुम्ही बसा, मी करतो," आणि त्यांनी तीन कप खाली काढले. मग एक परत वर ठेवला. चहा चांगला झाला होता, तिने तसं सांगितलं, आणि पंपवाले खूश झाले.

महिना संपत आला तशी तिला झोप लागेनाशी झाली. कारखान्यात सगळे जेवायला गेले की ती खालच्या कप्प्यातून ते तोंड काढून टेबलावर ठेवायची. वरचा जबडा, खालचा जबडा, मधे कोणी न नेलेली दाढेची कॅप. त्या बाईशी बोलायची असं नाही, बारकीला तसलं वेड नव्हतं. पण एकदा ती खरंच म्हणाली, "यायचं तर आत्ता या," आणि स्वतःच्या आवाजाने दचकली. दुसऱ्याच दिवशी बोर्डासमोर एक बाई उभी होती. वय बरोबर, उंची असावी तेवढी, डोक्याला रुमाल, एका बोटाने काचेवरून ओळ ओळ वाचत होती, आणि ते बोट त्यांच्याच नोटिशीवर थांबलं. बारकी जवळ गेली. तिला त्या बाईला तोंड उघडायला लावायचं होतं. "काय हो, एवढ्या वयात लोक लग्न करतात," ती म्हणाली. बाई वळली आणि खळखळून हसली. "करू देत की. माझ्या बहिणीने साठीत केलं, आता मला उपदेश करते." दात सरळ होते, खालची ओळ एकसारखी, नेटकी. बाईने आपल्याला हवी ती नोटीस शोधली आणि निघून गेली. बारकी कुंपणाच्या कठड्यावर बसली. सुटले असं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. तिला वाईट वाटलं, अगदी मनापासून, आणि आपल्याला वाईट वाटतंय हे बघून ती घाबरली. पंपवाल्यांची बायको आली असती तर बारकीचं घर गेलं असतं, दोरी गेली असती, दार गेलं असतं. तरी ती यावी असं तिला वाटत होतं. ती त्या माणसाच्या शेजारी राहून त्याच्यासारखी वाट बघायला शिकली होती.

लग्नाच्या दिवशी वहिनीने तिचे केस विंचरून दिले आणि म्हणाली, "थोडी हस, फोटो काढतील." दादा आणि वहिनी दोन साक्षीदार, तिसरे पंपघरातले मिस्त्री, त्यांनी नवे बूट घातले होते आणि ते चावत होते. खोली छोटी होती, खुर्च्या सहा, भिंतीवर पंखा. पंपवाले दाढी करून आले होते, हनुवटीला कापलेलं होतं. कारकुनाने फाइल उघडली. "हरकत आलेली नाही," तो म्हणाला. "चला, सह्या करून घेऊ."

"नक्की?" पंपवाल्यांनी विचारलं.

"नाही आली म्हणजे नाही आली."

"टपालाने आली असेल. दुसऱ्या टेबलावर राहिली असेल."

मिस्त्री हसले, त्यांना वाटलं गंमत चाललीय. कारकून भला माणूस होता. तो उठून आतल्या खोलीत गेला, ड्रॉवर उघडल्याचे आवाज आले, मग परत येऊन त्याने रिकामे हात दाखवले. "काही नाही. निर्धास्त राहा."

बारकी पंपवाल्यांकडे बघत होती. त्यांचा जबडा घट्ट झाला, गालाजवळची शीर वर आली आणि खाली गेली. चेहरा तसाच राहिला, पण त्यातलं काहीतरी उठून गेलं. कोर्टाने त्यांच्या बायकोला मेलेली धरली तेव्हा त्यांनी ते कागदापुरतं ऐकून घेतलं होतं. आज त्यांना ते खरं वाटलं. एवढी नोटीस लावली, आणि ती आली नाही; जिवंत असती तर आली असती. या खोलीत, या क्षणी, ती त्यांच्यापुरती मेली होती, आणि सगळे पेढे वाटल्यासारखे चेहरे करून बसले होते. ते सही करणार होते. शब्दाचे पक्के होते, त्यांनी पेन उचललंही. ते बारकीला कधी वेडंवाकडं बोलणार नव्हते, दुखलंखुपलं बघणार होते, चहा करून देणार होते, आणि रोज सकाळी तिच्याकडे बघून त्यांना आठवणार होतं की आपण हिच्या सहीने तिला पुरलं. चांगुलपणाने वागणाऱ्या माणसाबरोबर असं आयुष्य काढणं बारकीला जमणार नव्हतं.

"थांबा," ती म्हणाली. "हरकत आहे."

कारकुनाने इकडेतिकडे पाहिलं. "कोणाची?"

"माझी. लिहून घ्या. यांची पत्नी हयात आहे."

"बारके, काय बोलतेस तू?" दादा उठून उभा राहिला.

"ताई, कोर्टाचा आदेश आहे फाइलला," कारकून म्हणाला. "पत्नी मृत धरलेली आहे. आणि तुम्ही वधू आहात. स्वतःच्या लग्नाला कोणी हरकत घेतं का?"

"कोणीही घेऊ शकतं, असं तुम्हीच म्हणाला होता."

बारकीने पुन्हा पंपवाल्यांकडे पाहिलं. तिला अजून एक आशा होती, आणि ती तिने स्वतःपासून लपवली नाही. त्यांनी म्हणावं, वेड लागलंय का तुम्हाला, करा सही. एवढं एक वाक्य. ते आलं असतं तर तिने हरकत गिळली असती, पडदे बदलले असते, त्या कपाटाचंही काहीतरी केलं असतं. ती वाट बघत राहिली. पंपवाल्यांनी पेन टेबलावर ठेवलं, घरंगळू नये म्हणून वहीला टेकवून. त्यांचा जबडा सैल झाला, छातीतून मोठा श्वास बाहेर पडला. "उपकार झाले तुमचे," ते हळू आवाजात म्हणाले. बोलल्यावर ते काय बोलले हे त्यांना कळलं आणि त्यांनी चेहरा दोन्ही हातांनी झाकून घेतला.

वहिनी रडायला लागली. मिस्त्रींना काय करावं सुचेना, ते बुटाची नाडी सोडत बसले. कारकुनाने बऱ्याच शोधाशोधीनंतर हरकतीचा कागद काढला आणि तिच्यापुढे सरकवला. बारकीने आपलं नाव लिहिलं, दादाच्या घराचा पत्ता लिहिला, कारण लिहिलं. अक्षर नेहमीसारखं बारीक आणि स्वच्छ आलं, डबीवर चिकटवायच्या चिठ्ठीवर येतं तसं. मग ती थांबली. "हरकत घेणाऱ्याचं वराशी नातं," कारकून समजावत म्हणाला. "काही नसलं तर रेघ मारा." खोलीत कोणीच तिच्याकडे बघत नव्हतं. तिला रडू येत होतं, पण हात ठीक होता. तिने रेघ मारली नाही. "वराच्या पत्नीच्या ओळखीची," असं लिहून तिने खाली सही केली आणि कागद कारकुनाला दिला.